तूरभाईची गरज नाही

रिसोडच्या मेहबूब टेलरला तीन भाषा येत. घरात उर्दू, दुकानात वऱ्हाडी, आणि तोंडात टाचण्या धरल्या की तिसरी. ही तिसरी भाषा जगात फक्त त्याच्या बायकोला, ताजबीला, समजत असे. टाचण्यांनाही समजत असावी, पण त्या कधी बोलल्या नाहीत.

पंचेचाळीस वर्षांची सवय होती. एका वेळी तीन टाचण्या ओठांत, माप मोठं असलं तर पाच. गिऱ्हाईक विचारी, "चाचा, कपडे कधी भेटन?" मेहबूब म्हणे, "म्मूं हुं फुम्मार." कोपऱ्यात सुई-दोरा घेऊन बसलेली ताजबी मान वर न करता सांगे, "शुक्रवारी या म्हन्ते." गिऱ्हाईक शुक्रवारी येई. कपडे तयार नसत, पण तो दोष भाषांतराचा नव्हता.

ताजबीचं काम म्हणजे तुरपाई. पँटचा पाय किंवा झग्याचा घेर आत दुमडून हातानं असे टाके घालायचे की बाहेरून एकही दिसू नये. ताजबीचे टाके दिसत नसत. तीस वर्षं तिनं केलेलं काम कोणालाच दिसलं नाही, आणि हीच त्या कामाची तारीफ होती.

नवराबायको भांडत ती दुकानात आणि वऱ्हाडीत. लग्न नवं असताना एकदा उर्दूत भांडून पाहिलं होतं, पण उर्दूत भांडलं की दोघांनाही मधेच ‘वाह’ म्हणावंसं वाटे आणि भांडण पुढं सरकत नसे.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी ताजबी दुकानातून उठली, पिशवी भरली आणि जऊळक्याला आपल्या बहिणीकडे निघून गेली. मेहबूबला वाटलं कोथिंबीर आणायला गेली. चहाची वेळ टळली तेव्हा त्याला कळलं की कोथिंबीर एवढ्या लांब मिळत नाही.

त्यानं फोन लावला.

"काहून गेली बाप्पा तू?"

"तुमी मले काय म्हटलं, थे तुमच्या तोंडानं सांगा," ताजबी म्हणाली. "मंग पाहू."

"मी तं काहीच नाई म्हटलं."

फोन कटला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं ‘काहीच’ऐवजी ‘काही विशेष’ असं म्हणून पाहिलं. तेव्हा तर लवकर कटला.

शेवटी सुनेकडून उलगडा झाला. सून म्हणजे अनम, मुलाची बायको. मुलगा एजाज वाशीमला औषधांच्या दुकानात नोकरीला, सकाळी जाई तो अंधारात येई. घरातल्या बातम्या अनमकडेच जमा होत. ती म्हणाली, "अब्बा, अम्मीले तुमी म्हटलं म्हने, ‘तुयी गरज नाई’."

मेहबूबच्या हातातली कात्री कापडातच थांबली. असं आपण म्हटलं? त्यानं आठवून पाहिलं. शुक्रवारी दुपार होती, समोर रिठदच्या संघदीप मास्तरची लग्नाची पांढरी पँट होती, मागं अकोल्याहून आणलेली नवी मशीन होती, आणि तोंडात टाचण्या होत्या. आणि मुख्य अडचण तीच होती. टाचण्या असताना मेहबूब जे बोले ते त्याला नंतर आठवत नसे. ते बोलणं त्याचं नसे, टाचण्यांचं असे.

आता कोण सांगणार? भाषा जाणणारी एकच बाई, ती रुसून जऊळक्याला.

"म्हटलं नसन," तो अनमला म्हणाला. मग थोड्या वेळानं, "पन काही तरी म्हटलं खरं."

"अब्बा," अनम म्हणाली, "त्या टायमाले माया मोबाइल चालू होता ना."

होता. ‘मेहबूब टेलर्स: घरबसल्या कटिंग शिका’ या नावाचं चॅनल अनमनं काढलं होतं. ते एकवीस जण पाहत, त्यातले चार नातेवाईक. शुक्रवारी स्टुलावर बरणी, बरणीला टेकून मोबाइल, अशा थाटात पांढऱ्या पँटचं कटिंग तिनं पूर्ण उतरवून घेतलं होतं आणि रात्री लॅपटॉपवर टाकलं होतं. म्हणजे ते वाक्य कुठंतरी होतं. हवेत विरलेलं नव्हतं. ते घरातल्याच लॅपटॉपमध्ये, कपाटाच्या वरच्या फळीवर, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलेलं होतं.

रविवारी दुपारी दोघं लॅपटॉपपुढं बसली. व्हिडिओ लावला. पडद्यावर मेहबूब वाकलेला, मागं ताजबीचा अर्धा खांदा, आणि आवाज आला: "तुम्मूयी गम्मज न्नाई."

"काय म्हटलं मी?" मेहबूबनं विचारलं.

"तुमालेच ठाऊक."

सात वेळा ऐकलं. सातव्यांदा तो आवाज आपला नसून विहिरीत पडलेल्या एखाद्या सज्जन माणसाचा आहे असं मेहबूबला वाटू लागलं. तेव्हा अनम म्हणाली, "थांबा, कॅप्शन लावून पाहू."

तिनं समजावून सांगितलं. ब्राउझरमध्ये जे काही वाजतं ते ऐकून तो आपोआप खाली लिहून दाखवतो, त्याला लाइव्ह कॅप्शन म्हणतात. ती स्वतः दुपारी कोर्सचे व्हिडिओ असेच पाहायची, आवाज पूर्ण बंद करून. सासरा झोपलेला असे म्हणून. मेहबूब आपल्या झोपेच्या काळात घरात हे चाललं होतं हे ऐकून थोडा गंभीर झाला.

मग भाषा निवडायची आली. अनमच्या लॅपटॉपवरच्या यादीत जपानी होती, तुर्की होती, पोलिश होती. रिसोडात पोलिश बोलणारं कोणी नव्हतं, पण उद्या आलंच तर त्याची सोय होती. मराठी नव्हती. वऱ्हाडी तर नव्हतीच नव्हती.

"हिंदी लावते," अनम म्हणाली.

पडद्याच्या तळाशी एक काळी पट्टी उगवली. सुरमा घातलेल्या डोळ्यासारखी. व्हिडिओ चालू झाला, मेहबूब पडद्यावर पुटपुटला, आणि पट्टीत पांढरी अक्षरं एकेक करून जागी झाली:

*तूर भाई की गरज नहीं*

दोघांनी ते घाईघाईनं वाचलं.

"हा तूरभाई कोन?" मेहबूबनं विचारलं.

"तुमी वळखत नाई?"

"नावानं नाई."

अक्षरं पुसून गेली. ती थांबत नसत. वाचली तर वाचली, नाही तर गेली. म्हणून मेहबूबनं मापांची वही काढली आणि ‘छाती अडतीस, कंबर चौतीस’च्या खाली लिहून ठेवलं: तूरभाई, गरज नाही.

अनमनं पुन्हा लावलं. या वेळी पट्टी म्हणाली:

*तेरे भाई की बारात आई*

"ताजबीले भाऊच नाई," मेहबूब म्हणाला. पण लिहून घेतलं. भाऊ नसलेल्याची वरात जऊळक्याकडून, मालेगावच्या रस्त्यानं येताना त्याला दिसली. पुढं बँड, मागं घोडा, घोड्यावर कोणीच नाही. वरात सुंदर होती. त्याला ती मोडवेना.

"हळू लावून पाहते," अनम म्हणाली. तिनं वेग कमी केला. आता मेहबूबचा आवाज मधात बुडवून काढल्यासारखा आला, हात पाण्याखाली चालावेत तसे चालू लागले, खडूची पूड हवेत तरंगत राहिली. ताजबीचा खांदा इतका सावकाश हलला की तीस वर्षांत त्यानं तो खांदा असा पाहिलाच नव्हता. आणि पट्टीत आलं:

*तुरपाई की गरज नहीं*

मेहबूब उभाच राहिला. "तुरपाई! तुरपाईची गरज नाई म्हटलं मी! तुरपाईची नवी मशीन आली म्हनून म्हटलं. टाचण्यांनी मधलं ‘रपा’ खाल्लं!"

त्यानं वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. एवढी मोठी निर्दोष सुटका त्याची आयुष्यात झाली नव्हती. पण व्हिडिओ अजून चालू होता. मागून ताजबीचा आवाज आला, बारीक, आणि पट्टीनं लिहिलं:

*कानून*

मेहबूब खाली बसला. "वकिलाकडे गेली का काय?"

"नाई हो अब्बा. ‘काहून’ म्हटलं अम्मीनं. काहून? हिंदीले काहून येत नाई."

"मग काहून म्हनायचं असन तं हिंदीवाले काय करतात?"

"क्यूं म्हन्तात."

"हां," मेहबूब म्हणाला. कायद्याची भीती सरली. पण त्याच्या पुढं पडद्यावरच्या मेहबूबनं मशीनची मोटर सुरू केली होती आणि तिच्या आवाजाखाली ताजबी आणखी काही बोलली. ऐकू काहीच येत नव्हतं. पट्टीला आलं:

*मंगल मैं क्या करूं*

आणि मग, मोटर चालू होती तितका वेळ, ताजबीचा खांदा पडद्यातून निघून गेल्यानंतरही, पट्टी लिहीत राहिली:

*घर घर घर घर घर घर घर*

मेहबूबनं वहीत सात वेळा घर लिहिलं. माप म्हणून ते बरोबर वाटत नव्हतं, पण खोडलं नाही.

"मंगल म्हन्जे?" त्यानं विचारलं.

"मंगयवार," अनम म्हणाली. तिनं परत ऐकलं. एकदा अक्षरं दिसली की कानालाही तेच ऐकू येतं. तिलाही आता स्पष्ट मंगळवार ऐकू आला. "मंगयवारी काय करू, असं काही तरी."

"म्हन्जे मंगयवारी तिले काही काम नाई."

"तसंच."

"म्हन्जे मंगयवारी येते थे."

हा निष्कर्ष दोघांना पटला. मेहबूबनं ठरवलं की फोनवर काही सांगायचं नाही. इतकं चांगलं वाक्य हाती लागलंय, ते फोनवर कशाला खर्च करायचं? मंगळवारी ती दारात उभी राहील, मग तोंडात एकही टाचणी न धरता सांगायचं.

सोमवारी संघदीप मास्तरचा फोन आला. "मेहबूबचाचा, प्यांट झाला का? इतवारी लगन हाय. पांढरा हाय म्हनून म्हन्तो, टाके दिसू नाई देजा."

"दिसनार नाई," मेहबूब म्हणाला.

मग त्यानं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि नवी मशीन चालू केली. पाच मिनिटांनी बंद केली. तिच्यावर चादर टाकली, पँट पिशवीत घातली आणि पिशवीचं तोंड गाठ मारून बांधलं. आत काय झालं ते त्यानं कोणाला सांगितलं नाही. जमलं तितकं स्वतःलाही सांगितलं नाही.

मंगळवार उजाडला. थंडीतलं ऊन दुकानात अर्ध्यापर्यंत येऊन बसलं, जणू त्याचंही काही शिवायला टाकलेलं होतं. मेहबूब दाराकडे तोंड करून बसला. समोरून माणसं जात होती आणि दोन दिवस पट्टीकडे पाहून पाहून त्याच्या डोळ्यांना आता सवय लागली होती: प्रत्येकाच्या पायाशी एक काळी पट्टी, तीत पांढरी अक्षरं. सायकलवाल्याखाली आलं, *चैन चैन चैन*. पानवाल्याखाली, *चूना कम*. एक म्हातारा काहीच न बोलता गेला, त्याच्याखाली पट्टी कोरीच चालत गेली, सावलीसारखी. एक शेळी थांबून ओरडली. तिच्याखाली पट्टी नव्हती. ती स्पष्ट बोलत होती.

ताजबीची रिकामी बसकण कोपऱ्यात होती. तिच्या खालची पट्टी दिवसभर लुकलुकत राहिली, कोणी काही बोलेल म्हणून.

मालेगावची शेवटची गाडी आली, माणसं उतरली, एक बाई उतरली, ती दुसरीच होती.

"अब्बा, आली नाई," अनम म्हणाली.

"दिवस संपला नाई अजून," मेहबूब म्हणाला. दिवस संपला होता.

बुधवारी सकाळी तो स्वतः निघाला. लॅपटॉप अस्तराच्या कापडात गुंडाळून पोटाशी धरला. दुसऱ्या हातात पिशवी, गाठ मारलेली. अनमला परीक्षा होती, म्हणून तिनं मापांच्या वहीत सगळं लिहून दिलं: झाकण उघडा. लांब बटन दाबा. व्हिडिओ चालू होते. पट्टी आपोआप येते. इंटरनेट लागत नाही. दुसऱ्या कोणत्याच बटनाला हात लावू नका. शेवटच्या वाक्याखाली तीन रेघा होत्या.

मालेगावपर्यंत एसटी, पुढं जीप. दोन्ही बाजूंनी तूर उभी होती, पिवळ्या फुलांनी भरलेली, वाऱ्यानं एकदम वळणारी. मेहबूबनं तिच्याकडे पाहिलं. गरज नसलेल्या तूरभाईचं घराणं एवढं मोठं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. डोळा लागला. स्वप्नात वरात आली. घोड्यावर संघदीप मास्तर होता, आणि त्याला खाली उतरता येत नव्हतं. काहून, ते मेहबूबला झोपेतही ठाऊक होतं.

जऊळक्याला ताजबीच्या बहिणीचं घर स्टेशनजवळच. ताजबी ओट्यावर बसलेली होती. पाच दिवसांत तिनं बहिणीच्या घरात जे जे दुमडता येईल ते दुमडून तुरपून ठेवलं होतं. पडदे, उशांचे अभ्रे, जेवताना अंथरायचा दस्तरखान. फरशी पुसायच्या फडक्यालाही कोणाला न दिसणारे टाके घातले होते. आता तिनं शेळीच्या अंगावर घालायचं पोतं घेतलं होतं. शेळी शेजारी उभी होती, मापाला.

"आले का," ताजबी पोत्याकडे पाहत म्हणाली.

"आलो. काय म्हटलं होतं थे सांगाले आलो."

"सांगा."

"सांगत नाई. दाखोतो." मेहबूबनं ओट्यावर लॅपटॉप ठेवला, अस्तर सोडलं, झाकण उघडलं, लांब बटन दाबलं. दाबताना अंगठा दुसऱ्या एका बटनावर पडला. आवाज गेला.

पण पट्टी गेली नाही. पडद्यावर मुका मेहबूब मुकी कात्री चालवत होता आणि खाली अक्षरं येतच होती, जणू आवाजाशी त्यांचं काही नातंच नव्हतं. ओट्यावर पूर्ण शांतता होती. शेळीही थांबली. दुरून एक मालगाडी येत होती, अजून पोचली नव्हती. आणि पट्टीत उमटलं:

*तुरपाई की गरज नहीं*

मेहबूबनं बोट ठेवलं. "वाच. तुयी नाई. तुर-पाई-ची. तुरपाईची गरज नाई म्हटलं मी. पाह्य, छापून आलं."

ताजबीनं वाचलं. गिऱ्हाइकांच्या नावाच्या चिठ्ठ्या तीस वर्षं तीच लावत होती. अक्षराला ती भिणारी नव्हती. तिनं सुई पोत्यात खोचली.

"तीस सालापासून माया हातात काय हाय?" तिनं विचारलं.

"काय म्हन्जे?"

"तुमच्या दुकानात मी काय करून राह्यली?"

"तुरपाई."

"मंग," ताजबी म्हणाली, "माया ऐकन्यात चूक काय झाली?"

मेहबूबनं पट्टीकडे पाहिलं. मदतीला काही येतं का ते पाहिलं. पट्टीत आलं, *कानून*.

"हे काहून हाय," तो घाईनं म्हणाला. "कानून नाई. हिंदीले काहून येत नाई. तू काहून म्हटलं."

"मले ठाऊक हाय मी काय म्हटलं थे. पुढं काय लिवलं?"

*मंगल मैं क्या करूं*

"त्याच्यावरूनच तं काल दिवसभर वाट पाह्यली," मेहबूब म्हणाला. "मंगयवारी येतो म्हटलं ना तू."

ताजबीनं त्याच्याकडे पाहिलं. खूप दिवसांनी पूर्ण पाहिलं, दोन्ही डोळ्यांनी.

"मंगय नाई हो. मंग. मंग म्हटलं मी. ‘मंग मी काय करू?’"

मालगाडी पोचली. डबे मोजावेत असं कोणाला वाटलं नाही, तरी ती सगळे डबे घेऊन गेली. तेवढा वेळ ते वाक्य दोघांच्या मध्ये बसून राहिलं. शुक्रवारपासून ते उत्तराशिवाय फिरत होतं. मशीनच्या मोटरखाली सापडलेलं, दुसऱ्याच भाषेत लिहिलेलं, मंगळवार म्हणून समजलेलं, आणि ज्याला विचारलं होतं तो त्याच्या भरवशावर दिवसभर दाराकडे तोंड करून बसलेला.

तुरपाई नसली, तर मग ती काय करणार? हे मेहबूबच्या डोक्यात आलंच नव्हतं. मशीन घेताना मशीनची जागा मोजली होती, मशीनची मोटर पाहिली होती. ताजबीच्या बसकणीवर ती मशीन बरोबर मावते हेही त्याच्या लक्षात आलं होतं, आणि आनंद झाला होता.

विचार करायची वेळ आली की त्याचा हात आपोआप सदऱ्याच्या कॉलरकडे जाई. गेला. तिथं खोचलेल्या तीन टाचण्या काढून त्यानं ओठांत धरल्या आणि बोलायला लागला, "म्मूं ताम्मबी, म्मशीन्न हुं..."

ताजबीनं तळहात पुढं केला.

"काढा."

मेहबूबनं टाचण्या तिच्या हातावर ठेवल्या. एक. दोन. तिसरी ठेवायला जरा वेळ लागला. तोंड रिकामं झालं. चुना मारण्याआधी सामान काढलेल्या खोलीसारखं वाटलं, बोलणं घुमेल की काय असं.

"मले भेव लागते त्या मशीनचं," तो म्हणाला.

इतकं स्वच्छ आलं की त्यालाच दचकायला झालं. शेळीनंही मान वर केली.

"भेव?"

"सुरू केली की कापडाचा पायच धरते थे. सोडत नाई. मी म्हटलं सोड, तं अजून जोरात शिवते." त्यानं पिशवी पुढं सरकवली. "तूच पाह्य."

ताजबीनं गाठ सोडली. संघदीप मास्तरची पांढरी पँट बाहेर काढली. एक पाय ठीक होता. दुसऱ्याचं तोंड मशीननं आडवं शिवून टाकलं होतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पोत्याचं तोंड शिवावं तसं. काम पक्कं होतं. अकोल्याच्या माणसानं पक्क्या कामाचीच हमी दिली होती.

"हे काय हाय?"

"पाय."

"याच्यात पाय जाईन कुठून?"

"वरतून जाते," मेहबूब म्हणाला. "खालून निंगत नाई."

"नवरदेव इतवारी असा उभा राह्यन?"

"तसा एका पायावर राह्यला तं राह्यते."

ताजबी हसली नाही. ओठ मात्र तिनं आत ओढून घेतले, टाचण्या नसतानाही. पँट उलटी केली, टाका पाहिला, बोटानं दाबून पाहिला. मशीननं काय केलं आणि काहून केलं ते तिला वाचता येत होतं.

"मशीनीत दोष नाई," ती म्हणाली. "वरची घडी मोजून द्याले लागते तिले. तुमी सारा पायच दिला. भुकेल्याले ताटच दिल्यावानी."

"मले नाई जमत."

"थे दिसून राह्यलं."

"तू चालव," मेहबूब म्हणाला. टाचण्या नव्हत्या म्हणून वाक्यं बाहेर येत होती, त्याला थांबवता येत नव्हती. "मशीन तुयी. मी हात नाई लावत. शाळेचे कपडे, पडदे, थे मशीनवर. अन् ज्याले हातची तुरपाई पायजे त्याले हातची. मी सांगीन लोकायले, हे ताजबीची तुरपाई हाय, पाहा, दिसत नाई."

यातलं पट्टीत काही आलं नाही. पट्टी फक्त लॅपटॉपमधलं ऐकते, ओट्यावरचं नाही. तिथं अजून शुक्रवारचीच मोटर चालू होती. ताजबीचं लक्ष गेलं.

*घर घर घर घर*

"हे काय?"

"मशीन," मेहबूब म्हणाला. "आवाज गेला, पन लिवनं चालू हाय."

"मशीन घर म्हन्ते?"

"हिंदीत."

ताजबीनं मान डोलावली, हिंदीत हे शक्य आहे अशी. मग तिनं लॅपटॉपचं झाकण लावलं, हलक्या हातानं, झोपलेल्याच्या अंगावर चादर ओढावी तसं, आणि पँटचा पाय मांडीवर घेतला. मशीनचा एकेक टाका सुईच्या टोकानं उचलून उसवू लागली. दहा मिनिटांत पायाला पुन्हा तोंड फुटलं. तिनं हात आत घालून बाहेर काढून पाहिला. रस्ता मोकळा होता. मग घडी घातली, दोरा ओवला आणि तुरपू लागली. मेहबूब जवळून बघत होता. टाका पडताना दिसत होता, पडल्यावर दिसत नव्हता. तीस वर्षं तो तिच्यापासून चार हातांवर बसला होता, पण त्याचं तोंड नेहमी दाराकडे असे.

"एक अट हाय," ताजबी शिवता शिवता म्हणाली. "मायासंगं बोलताना टाचण्या नाई."

"गिऱ्हाइकासंगं?"

"त्यायच्यासंगं बोला बाप्पा खुशाल. त्यायले तसंही शुक्रवारच सांगायचा असते."

शेवटचा टाका पडला. गाठ आवळायला तिनं सुई दातात धरली, दोरा ताणला, आणि सुई दातातच ठेवून, शेळीच्या अंगावर पोतं टाकत, आतल्या खोलीतल्या आपल्या पिशवीकडे बोट करत, त्याला म्हणाली:

"म्मंग निम्मू."

मेहबूबनं कान दिला. आपली तिसरी भाषा तो पहिल्यांदाच दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होता. त्यानं ते वाक्य डोक्यात हळू वेगानं लावून पाहिलं. अक्षरं एकेक करून उमटली.

"पन आज तं बुधवार हाय," तो म्हणाला.